जुन्या जपानी बाईकचे स्क्रू खरंच मऊ असतात का?

‘जुन्या जपानी मोटरसायकलींचे स्क्रू मऊ धातूचे, जरा फिरवले की डोक्यावरची फुलीची खाच घासते,’ असं सर्रास सांगितलं जातं. दोष बहुतेकदा स्क्रूड्रायव्हरचा असतो. हे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) पद्धतीचे, आणि हातात असतो फिलिप्स, म्हणजे नेहमीचा फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर. फुली दिसायला सारखीच, पण फिलिप्सचं टोक खाचेत पूर्ण उतरत नाही. जोर लावला की वर सरकतं आणि कडा खातं.

पडताळायचंय? फुलीशेजारी छोटा ठिपका दिसतो का बघा, ती जेआयएसची खूण. (पण प्रत्येक स्क्रूवर ती असतेच असं नाही.) मग दोन्ही ड्रायव्हर आलटूनपालटून बसवून हलवा: फिलिप्स डुगडुगतो, जेआयएस घट्ट बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन कव्हरात पोलादी स्क्रू धरून बसला असेल, तर मात्र जेआयएस बिट (टोक) लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोका बसला की स्क्रू फिरवणारं हत्यार, आणि वर हातोडीचा ठोका हवाच.