खोपोलीचं पॉवर हाऊस: ७२ मेगावॅट, पण वेळेला हजर

मुंबईला ऐन उन्हाळ्यात साडेतीन-चार हजार मेगावॅट वीज लागते, आणि पाण्यावर वीज करणाऱ्या खोपोलीच्या टाटा पॉवर हाऊसची क्षमता आहे जेमतेम ७२ मेगावॅट. त्यामुळे "शंभर वर्षं जुनं ते, आता त्याचा काय उपयोग" असं बरेच जण सहज बोलून जातात. मला हे अजिबात पटत नाही. विजेच्या बाबतीत किती मिळाली एवढंच बघून चालत नाही, कधी मिळाली तेही बघावं लागतं, आणि तिथे खोपोली आजही भारी आहे.

आधी थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालायच्या, कोळसा लांबून यायचा, गिरणगावभर धूर. इकडे लोणावळ्याला चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटाच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं. हे पाणी अडवायचं आणि खाली सोडून वीज करायची अशी कल्पना. जमशेटजी टाटा १९०४ लाच गेले, मग दोराबजींनी काम पुढे नेलं, १९१० मध्ये कंपनी निघाली, १९११ मध्ये लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि ११ फेब्रुवारी १९१५ ला गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचं केंद्र सुरू झालं. तारा टाकून वीज थेट परळपर्यंत नेली, सत्तरेक किलोमीटर, आणि त्या काळी आपल्याकडे हे मोठंच धाडस होतं.

आता हे चालतं कसं बघा. वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांचं पाणी खंडाळ्याच्या बाजूला कड्यापर्यंत आणतात आणि तिथून जाडजूड लोखंडी पाइपांतून खाली सोडतात. उंचीतला फरक ५०० मीटरच्या वर. एवढ्या उंचीमुळे खाली पाइपात हवेच्या दाबाच्या साधारण ५० पट दाब तयार होतो आणि नोझलमधून, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या निमुळत्या तोंडातून, जी धार सुटते तिचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जातो. ही धार पेल्टन चाकाच्या, म्हणजे जनरेटर फिरवणाऱ्या चाकाच्या, कडेला लावलेल्या वाट्यांवर आदळते. प्रत्येक वाटीला मधोमध एक धारदार कड असते, तिच्यावर पाणी दोन बाजूंना फाटतं आणि जवळजवळ उलटं फिरून बाहेर पडतं, आणि चाकाचा वेग धारेच्या वेगाच्या साधारण निम्मा ठेवला की पाण्यातली बहुतेक सगळी ताकद चाकात उतरते, बाहेर पडणारं पाणी अगदी मवाळ होऊन खाली गळतं.

हिशोब करायचा तर बिल्डिंगच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तेवढं पाणी ५०० मीटरवरून खाली आणलं तर घट-तूट धरून एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज मिळते. म्हणजे सगळी मशिनं फुल चालली तर सेकंदाला सतरा-अठरा टाक्या रिकाम्या!

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे कंट्रोल. नोझलच्या आत भाल्यासारखी एक सुई असते, ती पुढे-मागे केली की धार बारीक-जाड होते. पण समजा अचानक लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि वीज ओढणारा लोड गेला, तर चाक भन्नाट वेगाने पळायला लागेल, आणि म्हणून सुई झटकन बंद करावी तर एवढ्या लांब पाइपातलं वाहतं पाणी एकदम थांबून असा दणका बसेल की पाइपच फुटायचा. म्हणून धारेच्या तोंडाशी एक पट्टी असते, ती क्षणात आडवी येऊन धार चाकावरून बाजूला वळवते आणि सुई मागाहून सावकाश बंद होते. किती साधं आणि किती हुशार!

कोळशाचं थंड पडलेलं युनिट चालू करायला तासन् तास जातात, हे मात्र काही मिनिटांत तयार. संध्याकाळी सगळीकडे दिवे-एसी लागले, सोलर बंद झाला, की पाणी सोडायचं. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेली तेव्हा वीज परत आणायच्या कामात ट्रॉम्बेच्या वीज केंद्राच्या जोडीला टाटांची हायड्रो केंद्रं पण होती. केंद्रं म्हणतोय कारण खोपोलीनंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं.

आणि वीज काढून झाली तरी पाणी संपत नाही, हे शहरातल्या लोकांना माहीतच नसतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं आणि रसायनीपर्यंतच्या कारखान्यांना, पनवेलकडच्या नळांना उपयोगी पडतं. भिवपुरीचं पाणी उल्हास नदीत, म्हणजे बदलापूर, अंबरनाथ, कल्याण-डोंबिवलीच्या लोकांच्या घरात. भिऱ्याचं कुंडलिकेत, आणि कोलाडचं राफ्टिंग तर सकाळी भिऱ्याहून पाणी सुटलं तरच होतं, मग भर मे महिना का असेना.

पण याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. भिऱ्यासाठी मुळशीचं धरण बांधलं त्यात मावळातल्या शेतकऱ्यांच्या भातजमिनी बुडाल्या, १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, "जान किंवा जमीन" म्हणत लोक जेलमध्ये गेले, तरी धरण झालंच. या विजेचं कौतुक करताना हे वगळून पुढे जाणं मला चुकीचं वाटतं.

शिवाय हे पाणी मुळात पूर्वेला भीमेकडे जाणारं. आपण ते पश्चिमेला वळवलंय, म्हणून दुष्काळ पडला की पुणे-सोलापूरकडून मागणी येते की वीज दुसरीकडून घ्या, आमचं पाणी आम्हाला द्या. मागणी चूक नाही. पण शंभर वर्षांत खाली कोकणात जी शहरं आणि कारखाने या पाण्यावर उभे राहिले त्यांचं काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे, त्यामुळे नुसतं पॉवर हाऊस बंद करून हे सुटणार नाही, खालच्या गावांसाठी पाण्याची दुसरी सोय आधी करावी लागेल.

एक वाट निघतेय ती म्हणजे तेच पाणी पुन्हा वापरायचं. भिऱ्याला १५० मेगावॅटचं असं युनिट आधीपासून आहे, विजेची मागणी कमी असली की ते खालचं पाणी पंप करून परत वर मुळशीच्या तलावात चढवतं. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारबरोबर शिरोत्याला १८०० आणि भिवपुरीला १००० मेगावॅटच्या पंपिंगच्या प्रकल्पांचा करार केला. दुपारची जास्तीची सोलर वीज वापरून पाणी वर चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं. चढवायला जेवढी वीज लागते त्याच्या पाऊणपट-ऐंशी टक्केच परत मिळते, पण मिळते ती नेमकी दिवे लागायच्या वेळेला.