ख्त्स्कोंक मठ

ख्त्स्कोंक हा तुर्कस्तानच्या कार्स प्रांतातला, दिगोर गावाजवळ नदीच्या घळीत वसलेला मध्ययुगीन आर्मेनियन मठ. त्याचे तुर्की नाव बेशकिलिसे, म्हणजे ‘पाच चर्चे’. संत कारापेत, देवमाता, संत स्तेफान, संत ग्रिगोर आणि संत सार्गिस अशी ती पाच. आज त्यांतले शेवटचेच उभे आहे.

संत सार्गिस चर्च 1024 मध्ये बांधले गेले, आर्मेनियातल्या बग्रातुनी घराण्याचे राजे जवळच्या आनी नगरीतून राज्य करत होते तेव्हा. बाहेरून ते गोल दिसते, आत मात्र चार अर्धगोल कोनाड्यांचा क्रूस आहे. वर उंच गळा, म्हणजे घुमट तोलणारा दंडगोल भाग, आणि त्यावर छत्रीसारख्या घड्यांचे छप्पर. बाहेरच्या भिंतींवर आर्मेनियन शिलालेख कोरलेले आहेत.

1878 मध्ये कार्स रशियाकडे गेल्यावर मठाची डागडुजी झाली. 1920 च्या युद्धात कार्स तुर्की सैन्याने घेतले आणि मठ ओस पडला. फ्रेंच अभ्यासक झां-मिशेल तिएरी 1959 मध्ये तिथे पोचले, तोवर चार चर्चे जमीनदोस्त झाली होती.

लष्कराने सुरुंग लावले, असे स्थानिक लोक सांगतात. उरलेली वास्तूही त्याच बाजूने बोलते. भूकंपात सहसा उंच, जड गळा आणि घुमट आधी ढासळतात. दिगोरमधल्याच 5व्या शतकातल्या तेकोर चर्चचा घुमट 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या भूकंपात असाच गेला. संत सार्गिसचे उलटे झाले: घुमट जागेवर आणि खालच्या भिंतींना मोठी भगदाडे.

एवढे होऊनही ते पडले नाही, याचे श्रेय बांधणीला. आर्मेनियन गवंडी टफचे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचे, घडीव चिरे आतून-बाहेरून रचत आणि मध्ये चुना व दगडगोट्यांचा भराव ओतत. चिरे साच्याचे काम करतात. भराव घट्ट झाला की बराचसा भार तोच पेलतो. म्हणून चिरे निखळले तरी भिंत पुष्कळ काळ तग धरते. पण उघड्या भरावात पाणी मुरते, कार्सच्या कडाक्याच्या थंडीत त्याचा बर्फ होतो, फुगतो आणि चुना दरवर्षी थोडा थोडा भुगा होत जातो. शिलालेख मात्र चिऱ्यांवरच असल्याने चिरा गेला की त्यावरचा मजकूरही जातो.