घोटीव कोबा

घोटीव कोबा : जमिनीवर अंथरलेल्या काँक्रीटच्या थराचा पृष्ठभाग थापीने दाबून, घासून गुळगुळीत आणि घट्ट करण्याची गवंडीकामातील रीत. घरापुढचा ओटा, दुकानाचा गाळा, टाकीखालचा चौथरा, यंत्रमागाच्या शेडमधली वाट अशा लहान कामांना ती वापरतात. छताचा स्लॅब आणि गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा ही वेगळी कामे. त्यांचा इथे विचार केलेला नाही; सांगितले आहे ते सोलापूरच्या हवापाण्याला धरून. फरशीच्या दगडाचे शहाबाद सोलापूरहून फार लांब नाही, त्यामुळे शहरातल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी भरपूर दिसते, आणि आता टाइलही सगळीकडे पोचली आहे. तरीही जिथे वजन उचलून आपटायचे, गाडी उभी करायची किंवा रोज पाण्याने धुवायचे, तिथे फरशीसारखे जागोजागी सांधे नसलेला कोबाच बरा पडतो.

घोटाई हातानेच होते, पण ती साधते ती वेळेमुळे. सोलापूरच्या कोरड्या हवेत ही वेळ ओळखणे अवघड जाते, कारण इथे काँक्रीट धरण्याआधीच (आतून घट्ट होण्याआधीच) वरून सुकते. बिघडलेल्या बहुतेक ओट्यांच्या मुळाशी हीच गफलत असते.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट ओतलेला चार इंची थर कितीही सुबक घोटला तरी वर्षा-दोन वर्षांत तडकतो. म्हणून काळी माती जमेल तितकी उकरून काढतात, मुरूम थराथराने पसरून, पाणी मारून धुमसाने (चोपण्याच्या जड अवजाराने) चोपतात आणि वर दगडी सोलिंग (दगड रचून केलेला थर) करतात. ओतण्याआधी हा तळ ओला असावा, मात्र डबकी नसावीत. कोरडा मुरूम मालातले, म्हणजे ओल्या काँक्रीटमधले, पाणी खालून ओढून घेतो.

मालाचे नेहमीचे प्रमाण १:२:४, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी. १० फूट बाय ६ फूट आणि ४ इंच जाड ओट्याला २० घनफूट काँक्रीट लागते. त्यासाठी ५० किलोच्या साडेतीन ते चार गोण्या पुरतात. पाणी गोणीमागे साधारण २५ ते २८ लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल ओढायला सोपा जावा म्हणून बिगारी हात सैल सोडतो आणि बादलीभर पाणी जास्त जाते. ते जास्तीचे पाणी पुढे वर येते, सिमेंटचा बारीक अंश सोबत आणते आणि नेमका घोटायचा थरच कमजोर करते. गुळगुळीतपणा हवा असेल तर भांडण या बादलीपाशीच करावे.

नदीच्या वाळूऐवजी आता बऱ्याच कामांवर क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) येते. तिच्यात दगडाची भुकटी जास्त असल्याने माल चिकट होतो आणि वर पाणी कमी सुटते. हे ऐकायला चांगले वाटते, पण उन्हाळ्यात पृष्ठभागाला ओला ठेवणारे पाणीच कमी पडते आणि भेगा लवकर येतात. बाजारात सहज मिळणारे सिमेंट बहुधा पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) असते. होटगीजवळच्या फताटेवाडी औष्णिक केंद्रात निघते तशी कोळशाची राख त्यात १५ ते ३५ टक्के मिसळलेली असते. हे सिमेंट जरा सावकाश बळ धरते. घोटीव कामाला ते उत्तम चालते, फक्त पाणी जास्त दिवस मारावे लागते.

कडेच्या फळ्या लेव्हलमध्ये बसवून, फुटाला पाव इंच उतार धरून माल पसरतात. कडा आणि कोपरे सळईने नीट कोचतात. मग दोघांनी ॲल्युमिनियमची पट्टी फळ्यांवर टेकवून करवतीसारखी मागेपुढे करत ओढायची; उंच माल पुढे सरकतो आणि खड्डे दिसतात ते लगेच भरायचे. पट्टीमागोमाग लाकडी रंधा (मूठ असलेली सपाट फळी) एकदा हलका फिरवला की खडी खाली बसते. याच टप्प्यावर सपाटी साधते. राहिलेला खोलगट भाग नंतर गुरमाल्याच्या, म्हणजे गवंड्याच्या सपाट थापीच्या, पोलादी पात्याने निघत नाही, तो चकचकीत होऊन फक्त अधिक उठून दिसतो.

यानंतर हात काढून थांबायचे. खडी आणि सिमेंट जड असल्याने खाली बसत जातात आणि मालातले पाणी वर सुटते. हे पाणी सुटत असताना रंधा किंवा थापी चालवली तर वरचा थर बंद होतो आणि पाणी त्याच्या खाली अडकते. पुढे तिथेच पापुद्रा सुटतो. पाणी वर येणे थांबले आणि आलेले उडून गेले, म्हणजे घोटाईची वेळ झाली, असा सर्वसाधारण नियम आहे. पावसाळी हवेत तो डोळ्यांनी पाळता येतो. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि दुपारी कोरडा वारा सुटतो. अशा वेळी वर येणारे पाणी दिसण्याआधीच उडते. पृष्ठभाग मळकट, निस्तेज दिसू लागतो, गवंड्याला वाटते माल धरला. खाली मात्र तो अजून ओलाच असतो. एका चौरस मीटरवरून तासाला १ किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागले की ओल्या काँक्रीटला भेगा पडण्याचा धोका वाढतो, असे अभियंते धरून चालतात. ऊन, वारा, कोरडेपणा आणि मालाची स्वतःची उष्णता या चौघांनी मिळून ही मर्यादा ओलांडायला इथली उन्हाळी दुपार पुरेशी असते.

म्हणून इथे नजरेवर भिस्त ठेवू नये, अंगठ्यावर ठेवावी. कडेला अंगठा दाबावा. ठशात पाणी चमकले किंवा अंगठा पेरभर रुतला तर थांबावे. फळी टाकून तिच्यावर न जाता सरळ पाय ठेवला आणि ठसा पाव इंचाच्या आतच उमटला, तर लाकडी रंध्याची वेळ झाली. तळहात टेकवून उचलल्यावर त्याला सिमेंट चिकटले नाही, की पोलादी गुरमाला हाती घ्यावा. मधला काळ थंडीत तीन-चार तासांचा असू शकतो, मे महिन्यात निम्म्याहूनही कमी. त्या अवधीत प्लास्टिकचा कागद अंथरावा, वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री बांधावी आणि फवारणीच्या पंपाने वर धुक्यासारखे पाणी उडवावे. पंप कोराच हवा, औषध मारलेला नको. हे पाणी हवेत राहावे, साचू नये आणि थापीखाली घोटले जाऊ नये. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करणे सर्वांत चांगले. श्रावणातला ढगाळ, बिनपावसाचा दिवस मिळाला तर त्यासारखे भाग्य नाही.

रंधा गोलाकार फिरवल्यावर वर थोडे सिमेंटचे दूध येते आणि बारीक छिद्रे भरतात. गुरमाल्याचा पहिला हात पाते जवळजवळ आडवे ठेवून द्यावा. कड उचलली तर माल ओरबाडला जातो. थोडा वेळ जाऊ द्यावा. दुसरा हात पहिल्याला आडवा, पाते किंचित तिरके, दाब जास्त. तिसऱ्या हाताला माल इतका घट्ट झालेला असतो की पाते घासताना खणखणीत आवाज येतो आणि मागे तुळतुळीत, काळसर चकाकी उमटते. तिथे थांबावे. त्यापुढे घासत राहिले तर काळे डाग पडतात आणि पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगांचे जाळे उठते. एवढ्याशा ओट्याला पॉवर ट्रॉवेलची (घोटाईच्या मशीनची) गरज नसते. व्हॅक्यूमने पाणी ओढून मशीनने घोटण्याची ट्रिमिक्स पद्धत गोदामांसाठी आणि पार्किंगसाठी ठीक.

ओल्या पृष्ठभागावर कोरडे सिमेंट भुरभुरण्याची सवय मात्र मोडायला हवी. त्याने वरचे पाणी लगेच शोषले जाते, काम तासभर आधी उरकते आणि त्या दिवशी ओटा आरशासारखा दिसतो. पण वर सिमेंटचा दाट आणि खाली पातळ असे दोन थर तयार होतात. वरचा जास्त आकसतो, भेगाळतो आणि पोपडे धरतो. चकाकीसाठी नुसत्या सिमेंटचा हात द्यायचाच असेल तर त्याची पाण्यात कालवून दाट स्लरी करून, खालचा माल अजून हिरवा (पुरता न धरलेला) असतानाच अंथरून घोटावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत यासाठी चौरस मीटरला २.२ किलो सिमेंट धरले आहे. जुन्या घरांतला तांबडा कोबा याच रीतीने, सिमेंटमध्ये लाल ऑक्साइड मिसळून करीत.

गुळगुळीतपणा सगळीकडे मागू नये. न्हाणी, धुण्याची जागा, उघड्यावरचा उतार आणि गोठा इथे पोलादी पाते न वापरता लाकडी रंध्यावरच थांबावे किंवा मऊ झाडू ओढून रेघा पाडाव्यात. घोटीव कोब्यावर साबणाचे पाणी पडले की म्हातारे माणूस हमखास घसरते. अंगणातला कोबा चांगला झाला म्हणून तसाच न्हाणीत करून घेणारे बरेच असतात, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते.

चार इंची थराला आठ-दहा फुटांवर सांधा द्यावा. ओला असताना खाच पाडली तर ती जाडीच्या एक चतुर्थांश खोल हवी, किंवा आधीच काचपट्टी बसवावी.

पाणी मारण्याबद्दल आयएस ४५६ (२०००) हे भारतीय मानक स्पष्ट आहे : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्याला किंवा उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस आणि राख मिसळलेल्याला ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस. सोलापुरातला उन्हाळ्यातला ओटा या शेवटच्या वर्गात बसतो. शहरात अनेक वर्षे नळाला रोज पाणी आलेले नाही, त्यामुळे पाइप लावून ठेवणे बहुतेकांना परवडत नाही. मातीचे आळे करून पाणी साठवण्यापेक्षा भिजवलेले गोणपाट किंवा जुनी जाड सुती चादर अंथरून वर प्लास्टिक झाकावे आणि कडेला विटा ठेवाव्यात. सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पुरते. नळाच्या पाळीचा दिवस बघून काम धरणे हा इथला शहाणपणा आहे. एकदा कडकडीत वाळवून पुन्हा भिजवण्यात मात्र फायदा नाही.

कोबा झाडताना रोज पांढरी भुकटी निघत असेल तर वरचा थर पाण्याने कमजोर झालेला असतो. त्यावर सिमेंटचे पातळ पाणी ओतून उपयोग होत नाही; ते काही महिन्यांत सुटून येते. भुकटी वरवरची असेल तर पृष्ठभाग स्वच्छ धुऊन, वाळवून सोडियम सिलिकेटचे हार्डनर (पृष्ठभाग कठीण करणारे द्रावण) मुरवतात. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून छिद्रे बुजवते. काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येणारा भाग मात्र छिन्नीने चौकोनी काढून, खालपर्यंत खरवडून, सिमेंटच्या स्लरीचा हात देऊन नव्याने भरावा लागतो. नव्या भागाचा रंग जुन्याशी जुळत नाही. हे मालकाला आधीच सांगून ठेवावे.