गोल्फमधील रेफरी आणि नियमनिर्णय

गोल्फ स्पर्धेत घडलेली वस्तुस्थिती ठरवून तिला नियम लावणारा, स्पर्धा समितीने नेमलेला अधिकारी म्हणजे रेफरी. क्रिकेटचा पंच प्रत्येक चेंडूला समोर असतो. गोल्फमध्ये खेळाडू अठरा होलवर (चेंडू ज्यात घालायचा त्या खळग्यापर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर) विखुरलेले असल्याने चूक झाली तर ती स्वतः सांगून दंडाचा फटका आपल्या नावावर मांडणे हे आधी खेळाडूचेच काम. शंका उरली की रेफरीला बोलावतात.

नियम ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ या संस्था मिळून ठरवतात. सध्याच्या नियम २० नुसार रेफरीने दिलेला निर्णय खेळाडूला पाळावाच लागतो. रेफरीने स्वतः मुभा दिल्याशिवाय त्यावर दाद मागता येत नाही. रेफरी जवळ नसेल, तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो त्या प्रकारात) खेळाडू दोन चेंडूंनी तो होल पूर्ण करू शकतो आणि कोणता चेंडू धरायचा हे नंतर समिती सांगते. मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत खेळायच्या प्रकारात) ही सोय नाही.

अधिकाऱ्यांच्या कामाची खरी परीक्षा २०१६ च्या यूएस ओपनमध्ये, ओकमाँट येथे झाली. शेवटच्या फेरीत पाचव्या ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या आखूड गवतावर) अमेरिकी गोल्फपटू डस्टिन जॉन्सनचा चेंडू किंचित हलला. खेळाडूमुळे चेंडू हलला, तर तेव्हा दंड होता. आपण तो हलवला नाही, असे त्याने सांगितले. सोबतच्या रेफरीने दंडाशिवाय खेळू दिले. बाराव्या टीवर (होल सुरू होतो त्या जागी) मात्र अधिकाऱ्यांनी त्याला गाठून, फेरीनंतर दंड लागू शकतो, असे कळवले. पुढचे सात होल तो आणि त्याचे प्रतिस्पर्धी खरा गुणफलक न कळता खेळले. अखेर एक फटका दंड लागूनही जॉन्सन तीन फटक्यांनी जिंकला. हे प्रकरण ज्या रीतीने हाताळले गेले, त्याबद्दल यूएसजीएने नंतर खेद व्यक्त केला. दंड बरोबर की चूक, यावर मतभेद होऊ शकतात. पण खेळाडूला इतका वेळ टांगणीला लावणे हा दोष अधिकाऱ्यांचाच होता.

पुढच्या वर्षी महिलांच्या एएनए इन्स्पिरेशन स्पर्धेत टीव्ही पाहणाऱ्याच्या ईमेलवरून लेक्सी थॉम्प्सनला आदल्या दिवशीच्या चुकीसाठी चार फटक्यांचा दंड झाला आणि ती प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात) हरली. त्यानंतर चित्रफितीच्या पुराव्याला मर्यादा आली: नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगी नव्हती अशी बाब केवळ कॅमेऱ्यात दिसली म्हणून दंड होत नाही. २०१८ पासून प्रमुख व्यावसायिक स्पर्धांत प्रेक्षकांच्या तक्रारी घेणेही थांबले. ग्रीनवर चुकून हललेल्या चेंडूसाठीचा दंड २०१७ मध्ये स्थानिक नियमाने (समिती आपल्या स्पर्धेपुरता लावते त्या) आणि २०१९ मध्ये मूळ नियमांतच रद्द झाला. ओकमाँटचा प्रसंग आज घडला, तर जॉन्सन चेंडू मूळ जागी ठेवून पुढे खेळेल.