घड्याळाच्या तबकडीवरील उठावखुणा

तास दाखवण्यासाठी घड्याळाच्या तबकडीवर बसवलेल्या आणि तिच्या पृष्ठभागापेक्षा उंच असलेल्या धातूच्या काड्या, आकडे, ठिपके व कंपनीचे चिन्ह यांना उठावखुणा म्हणतात. छापील खूण म्हणजे नुसता रंग. उठावखुणेला मात्र उंची असते, कड असते आणि बहुधा पैलूही असतात. उंची मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते, पण तेवढ्याने तिची सावली पडते, एक बाजू चमकते, दुसरी काळी दिसते आणि मंद उजेडातही वेळ कळते. शोभा आणि उपयोग इथे वेगळे काढता येत नाहीत. मागील शतकातील उत्तम तबकड्यांनी याच गुणावर भर दिला. पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या १९३२ सालच्या ‘कॅलाट्राव्हा’ घड्याळाची साधी तबकडी आणि तिच्यावरच्या पैलूदार काड्या हा पुढे अनेकांनी गिरवलेला कित्ता आहे.

जुनी पद्धत ठशाची. पितळेची पट्टी किंवा हव्या त्या आकारात ओढलेली तार ठशाखाली दाबून काड्या पाडतात. प्रत्येक काडीच्या पाठीला एक किंवा दोन बारीक पाय असतात. हिऱ्याच्या टोकाचे वेगाने फिरणारे हत्यार काडीवरून नेले, की आरशासारखा पैलू निघतो. वेगळे पॉलिश करावे लागत नाही. मग सोन्याचा, निकेलचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा देतात. तबकडीला पायांच्या मापाची भोके पाडून काडी वरून बसवतात आणि मागून पाय चेपतात किंवा चिकटवतात. एकाच पायाची काडी फिरून तिरकी होऊ शकते, म्हणून लांब काडीला दोन पाय देतात. तबकडीमागे तारखेची चकती आणि यंत्राची पाटी असते, त्यामुळे पायाचे टोक मागे उठून राहिलेले चालत नाही. याहून स्वस्त प्रकारात तबकडीचा पत्राच मागून दाबून आकडे उठवतात आणि त्यांचे माथे घासून चमकवतात. कड तितकी तीक्ष्ण येत नाही. पण सुटून पडायला तिथे काही नसते.

ही कृती जळगावच्या सराफ बाजारातील कारागिराला समजावून सांगावी लागत नाही. पत्रा पातळ करणे, तार ओढणे, ठसा मारणे, डाग देणे (धातू वितळवून सांधणे), मुलामा चढवणे ही सगळी कामे त्याच्या रोजच्या हाताखालची. फरक मापाच्या काटेकोरपणात आहे. दागिन्यात दोन नक्षींमध्ये केसभर अंतर पडले तर ते हातकामाचे लक्षण म्हणून खपते. तबकडीवर बारा खुणांपैकी एकही किंचित कलली, की डोळा नेमका तिथेच अडकतो.

दुसरी पद्धत विजेने धातू साठवण्याची. तिचे मूळ मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने १८३८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये केलेल्या प्रयोगांत आहे. पॉलिश केलेल्या धातूच्या पाटीवर प्रकाशाला प्रतिसाद देणारा लेप लावून त्यावर खुणांचा नकाशा उमटवतात. लेप धुतल्यावर खुणांच्या जागा उघड्या पडतात. पाटी निकेलच्या द्रावणात बुडवून वीज सोडली, की त्या जागांमध्ये निकेल थराथराने चढते. दर चौरस डेसिमीटरला एक अँपिअर प्रवाह असेल, तर तासाला सुमारे १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे चार अँपिअरवर दशांश मिलिमीटर जाडीला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. नंतर रंगाचा मुलामा देतात, वरून पारदर्शक फिल्म लावून खुणा पाटीवरून उचलतात आणि त्यांच्या पाठीला गोंद लावतात. फिल्मवर सर्व खुणा आपापल्या जागी आधीच मांडलेल्या असतात. ती तबकडीवर ठेवून दाबायची आणि सोलून काढायची, खुणा खाली राहतात. प्रत्येक खुणेसाठी भोक नाही, पाय नाही, एकेक काडी चिमट्याने उचलणे नाही. स्वस्त घड्याळावर नाजूक चिन्ह दिसते त्यामागे बरेचदा हीच युक्ती असते. निकेल लेपाच्या जाडीपेक्षा उंच चढले, तर ते बाजूला पसरून कड गोल होते. धारदार पैलूसाठी अजून हिऱ्याचे हत्यारच लागते.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, हा विषय येतो तो वापराच्या आणि दुरुस्तीच्या अंगाने. लग्नात नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत इथेही आहे, आणि अशा घड्याळात सोनेरी उठावखुणांना मान असतो. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला उभा राहिला आणि पुढे हाताने चावी द्यायची ‘जनता’ घराघरांत पोहोचली. तिच्या काही तबकड्यांवर देवनागरी आकडे छापलेले असत, काहींवर उठावाच्या काड्या. टायटन आल्यावर बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांचा काळ सुरू झाला, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. नवे सुटे भाग येणे थांबल्यावर जुन्या तबकड्या रंगवून घेण्याचे प्रमाण वाढले. अशी तबकडी ओळखायला उठावखुणा उपयोगी पडतात: रंग लावण्याआधी काड्या काढताना पाय मोडतात, मग काड्या वाकड्या चिकटवलेल्या दिसतात किंवा त्यांच्या जागी नुसती छपाई येते. संग्राहकाने भिंगातून आधी काड्यांच्या बुडाशी पाहावे, रंगाकडे नंतर.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी अधिक. उष्णतेने गोंद नरम पडतो, म्हणून केवळ चिकटवलेल्या खुणा पाय असलेल्या खुणांपेक्षा लवकर सुटतात. सुटलेली काडी काचेखाली फिरत राहते आणि काट्यांमध्ये अडकली तर चालते घड्याळ बंद पडते. मालकाला वाटते यंत्र गेले. काटे काढून पुन्हा बसवताना तासकाटा जास्त खाली दाबला गेला, तरीही तो उंच खुणेला घासतो. तासकाटा सर्वांत खालचा असल्याने हा दोष बहुधा त्याच्याच वाट्याला येतो.

सुटलेली खूण बसवताना झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. तो वाळताना निघणारी वाफ बंद घड्याळात काचेच्या आतून आणि तबकडीवर पांढुरकी साय धरते, आणि ती पुसायला गेले की छपाईही निघून येऊ शकते. दोन भाग मिसळून होणारा इपॉक्सी सुईच्या टोकाने भोकात किंचित लावावा, घड्याळ उघडे ठेवूनच तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग काच बसवावी.