मुंगूस जडी खात नाही

"नाग चावला की मुंगूस मुंगूसवेलीचं मूळ खातं, म्हणून त्याला विष चढत नाही." हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

खरं कारण मुंगसाच्या अंगातच आहे. नागाचं विष आपल्या नसा आणि स्नायू जिथे जुळतात तिथल्या खाचेत जाऊन बसतं आणि श्वास थांबवतं. मुंगसात या खाचेची घडणच थोडी वेगळी, त्यामुळे विषाला नीट बसता येत नाही. त्यातून चपळाई आणि फुललेले केस, म्हणून दंश बरेचदा हुकतो. तरीही मुंगूस अमर नाही. जास्त विष गेलं तर तेही मरतं.

पडताळायचं असेल तर नागपुरात सेमिनरी हिल्सकडे सकाळी शांत उभे राहा. मुंगूस दिसेल ते किडे, उंदीर, सरडे शोधताना. साप हे त्याचं रोजचं जेवण नाहीच.

ही समजूत माणसाच्या जिवावर येते. साप चावलेला माणूस मुळी उगाळत बसतो. त्याला आधी दवाखान्यात न्या, प्रतिविष तिथेच मिळतं. मुंगसाला मात्र सापापेक्षा ब्रशचा धोका मोठा. रंगकामाच्या ब्रशसाठी त्याला मारतात, 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी असूनही. सीताबर्डीत ब्रश घेताना केस उजेडात धरा: टोक गडद, मध्ये फिकट पट्टा, बुडाशी पुन्हा गडद असेल तर तो मुंगसाचा असू शकतो. नायलॉनचा केस जाळला की वितळून गोळी होते, प्राण्याच्या केसाला जळक्या केसांचाच वास येतो. शंका आली तर नायलॉनचाच मागा.