रेग्झिनला तेल पाजलं की ते मऊ होतं?

‘जुन्या अँबेसिडर-जीपच्या सीटला खोबरेल किंवा रॉकेल चोळा, रेग्झिन नव्यासारखं होईल,’ असं फिरत असतं. चमक येते, त्यामुळे पटतंही.

पण रेग्झिनचा वरचा थर चामडं नाही, पीव्हीसी प्लास्टिक आहे. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य विदर्भाच्या उन्हात हळूहळू निघून जातं. खोबरेल त्याची जागा घेत नाही, वरच राहून धूळ धरतं. रॉकेल तर उरलंसुरलं द्रव्यही ओढतं.

खात्री करायची तर सीटच्या मागच्या बाजूला हातभर जागेत तेल लावा, शेजारी नुसतं साबणपाणी. आठवड्याने दोन्हीकडे पांढरं फडकं फिरवा, तेलाच्या जागी ते जास्त मळेल.

सफाईला एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड साबण, मऊ ब्रश. शिवणीत पाणी मुरू देऊ नका, सावलीत वाळवा. तडा मात्र तेलाने किंवा साबणाने सांधत नाही, मोठा असेल तर तिथे तुकडाच बदलावा लागतो.